जिप्सम प्लास्टर: एक भिंत पिठासारखी सुटतेय, स्लॅबखाली पोकळ आवाज, नक्की काय चुकलं?

उंबरठा:
नमस्कार मंडळी, काम अर्धवट थांबवून हे लिहितोय. घरात आतून जिप्सम प्लास्टर करून घेतोय, चारपैकी दोन खोल्या झाल्या. भिंती जुन्या विटांच्या, आधीचा गिलावा पूर्ण काढून टाकलेला, फक्त मधली एक पार्टिशनची भिंत नवीन एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) आहे. गवंडीकाका सिमेंटच्या कामात मुरलेले आहेत, लेव्हल आणि ओळंबा एकदम चोख, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता चार गोष्टी दिसायला लागल्यात.

एएसीच्या भिंतीवरून हात फिरवला की पांढरं पीठ लागतं, नखाने खरवडलं तर आतपर्यंत सुटतं. सीलिंगला दोन ठिकाणी टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. बीम संपून वीटकाम जिथे सुरू होतं तिथे आडवी तड गेलीय, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा खालचा वीत-दीड वीत भाग वाळतच नाहीये, कडेला पांढरा फुलोरा येतोय.

मला न सुटलेलं कोडं असं की काका चार दिवस सकाळ-संध्याकाळ सगळ्या भिंतींवर पाणी मारत होते, एएसीची भिंत शेवटी झाली म्हणून तिच्यावर मारलं नाही, उलट लवकर वाळावी म्हणून प्लास्टर संपल्या संपल्या समोर पंखा लावून ठेवला. आणि नेमकी तीच भिंत भुसभुशीत निघाली. म्हणजे काकांचं बरोबर होतं का, जिप्समलाही तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) लागते? आणि उरलेल्या दोन खोल्या जिप्सममध्येच करू का वाळू-सिमेंटवर परत जाऊ?

करणीथापी:
पहिलं काम, पाणी मारणं आजपासून बंद. मग ही माहिती द्या म्हणजे नीट बोलता येईल. पाणी मारलेल्या भिंतींना नख रुततं का, हाताला गार लागतात का? एएसीवर प्लास्टरआधी काय लावलं? स्लॅबला बॉन्डिंग कोट, म्हणजे प्लास्टर धरून ठेवणारा खरखरीत हात, मारला का? जाडी कुठे किती आहे? गोणीला पाणी मोजून घातलं का अंदाजाने?

उंबरठा:
पाणी मारलेल्या भिंती गार आहेत, नख थोडं रुततं. एएसीवर काही लावलं नाही, झाडूने धूळ झटकली तेवढंच. स्लॅबचं काँक्रीट खालून गुळगुळीत आहे, जुना डिस्टेंपर होता तो खरवडला, बॉन्डिंग कोट नाही. सीलिंगची जाडी एका कडेला १० मिमी आणि दुसरीकडे लेव्हल जुळवायला २२ पर्यंत गेली. गोणी २५ किलोची, पाणी अंदाजाने, घमेल्यात पावडर ओतून वरून पाणी घालत होते.

रसायनवेडी:
तुमच्या कोड्याचं उत्तर "पाणी कधी" यात आहे, ते थोडं सविस्तर सांगते.

जिप्समचा दगड म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकात वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. दगड १२० ते १८० अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं, उरते ती पावडर आपल्या गोणीत येते. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७६५ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे जो पहिला निबंध वाचला तो याच विषयावर होता, भाजताना गेलेलं पाणी पावडर परत ओढून घेते आणि म्हणून ती घट्ट होते हे त्याने दाखवलं. प्लास्टर ऑफ पॅरिस हे नावही तिथल्या मोंमार्त्र टेकडीखालच्या जिप्समच्या खाणींमुळे रुळलं.

तर पावडर पाण्यात विरघळते, आणि लगेच सुईसारखे नवे स्फटिक बनून एकमेकांत गुंततात. हे सगळं तास-दोन तासांत उरकतं. सिमेंटचं तसं नाही, ते दिवसेंदिवस, आठवडे पाणी पीत घट्ट होत राहतं म्हणून त्याला तराई लागते. जिप्समला पाणी हवं ते फक्त सेट होत असताना. तुमच्या एएसी ब्लॉकने नेमकं तेच पाणी मागून शोषलं आणि पंख्याने तेच पुढून उडवलं, त्यामुळे बरीचशी पावडर पाणी न मिळता तशीच कोरडी राहून गेली. बाकीच्या भिंतींना सेट होताना पाणी पुरेसं मिळालं होतं, चार दिवस मारलेलं पाणी त्यांच्या काहीच उपयोगाचं नव्हतं.

हिशोबाने सांगायचं तर १०० किलो शुद्ध पावडरला रासायनिकदृष्ट्या १८.६ किलो पाणी लागतं, म्हणजे २५ किलोच्या गोणीला ५ लिटरसुद्धा नाही. पण तेवढ्यात ती कालवता येत नाही म्हणून आपण १५-१६ लिटर घालतो. वरचं १०-११ लिटर पाणी हवेतच जायला हवं. हलक्या प्लास्टरची एक गोणी १३ मिमी जाडीने दोन-सव्वादोन चौरस मीटर भरते असं धरलं तर चौरस मीटरमागे ५ लिटर, आणि एका खोलीच्या ४० चौरस मीटर भिंतींतून २०० लिटर पाणी बाहेर पडायचंय. त्यात आपण वरून आणखी मारत होतो.

उंबरठा:
२०० लिटर! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग ज्या भिंती भिजवल्या त्या कायमच्या बिघडल्या का?

रसायनवेडी:
नाही, सहसा नाही. ओलं जिप्सम कोरड्याच्या जवळजवळ निम्म्या ताकदीचं असतं म्हणून नख रुततंय, पूर्ण वाळलं की ताकद परत येते. मात्र महिनोन्‌महिने ओलं राहिलं तर गोष्ट वेगळी, कारण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, आणि स्फटिकांची गुंफण सैल होत जाते. खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. आता पंखा लावला तरी चालेल, त्या दिवशी नको होता.

करणीथापी:
ताईंनी छान सांगितलं. आता एएसीच्या भिंतीचं. साधारण एक फूट चौकोन निवडा, त्यावर बारीक फवाऱ्याने पाणी मारा, ओघळ येऊ न देता, आत मुरेल असं चार-पाच वेळा. पाण्यात थोडी तुरटी विरघळवली तर अजून बरं, तुरटीने जिप्सम लवकर सेट होतं. मग तो तुकडा वाळू द्या आणि नाण्याने खरवडून शेजारच्या जागेशी ताडून बघा. कडक झाला तर समजायचं पावडर तहानलेली राहिली होती, मग सगळ्या भिंतीला तोच उपाय करता येतो. काहीच फरक नाही पडला तर माल मुळात मेलेला होता, म्हणजे सेट व्हायला लागल्यावर परत पाणी घालून कालवलेला किंवा फार पातळ केलेला, तो काढावाच लागतो, त्यावर पुट्टी चढवून झाकू नका, पुट्टीसकट खाली येतो.

आणि हे फक्त त्या पिठूळ भिंतीपुरतं आहे बरं का, "जिप्समला पाणी मारा असं धाग्यात सांगितलंय" असं काकांपर्यंत पोचायला नको.

चौकट_आणि_गुण्या:
सीलिंगबद्दल मी लिहितो, मी साइटवर सुपरव्हिजन करतो. पोकळ आवाज येतोय त्याच्याखाली सध्या कुणी झोपू-बसू नका, हे पहिलं. १३ मिमी प्लास्टर वाळल्यावरही चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास भरतं, तुमच्याकडे २२ मिमी आहे.

कारणं दोन दिसतायत आणि दोन्ही एकाच ठिकाणी भेटलीत. गुळगुळीत काँक्रीटला जिप्सम धरायला काही नसतं, आणि डिस्टेंपर कितीही खरवडला तरी भुकटीचा थर मागे राहतोच. अशा पृष्ठभागावर तळहात घासून बघायचा, पांढरा झाला तर तो धुऊन, ब्रशने घासून साफ करायचा. पाण्याचे थेंब शिंपडून बघायचे, थेंब तसेच मोत्यासारखे राहिले तर शटरिंगचं तेल किंवा रंग आहे, लगेच गायब झाले तर शोषण जास्त आहे. मग रोलरने क्वार्ट्झ वाळू असलेला बॉन्डिंग कोट मारायचा, हाताला सॅंडपेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे, आणि गोणी-डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळू द्यायचा. नुसतं हॅकिंग म्हणजे इथे तिथे छिन्नीचे चार टोले, ते मी सीलिंगला पुरेसं मानत नाही.

जाडी सीलिंगला ६ ते १० मिमीच्या आत ठेवा. भिंतीला १२-१३ मिमी नेहमीची, एका हातात २०-२५ च्या पुढे नको. स्लॅबच वाकडा असेल तर जाड प्लास्टरने लेव्हल काढण्याचा हट्ट सोडा, फॉल्स सीलिंग करा नाहीतर थोडा फरक राहू द्या. पोकळ जागेच्या कडा लाकडी हातोडीने हलकं ठोकत शोधा, पेन्सिलने खूण करा, खणखणीत आवाजाच्या जागेपर्यंत कापून पूर्ण काढा. भोक पाडून गोंद सोडणारे भेटतील, डोक्यावरच्या प्लास्टरला मी तो प्रकार करू देत नाही.

दगडीविचार:
माझं मत थोडं वेगळं पडेल पण लिहितो. एवढे सोपस्कार करायचे तर साधा वाळू-सिमेंटचा गिलावा काय वाईट? त्याला ओल लागली तर तो विरघळत नाही, खुर्ची आपटली तर कोपरा उडत नाही, गवंड्यांना तो झोपेतही जमतो. जिप्समने गुळगुळीतपणा मिळतो हे मान्य पण घर काही फक्त बघायला नसतं.

चौकट_आणि_गुण्या:
दगडीविचार, तुमचा मुद्दा बाथरूम, बाहेरच्या भिंती, जमिनीलगतचा भाग, सतत वाफ असणाऱ्या जागा यांच्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे, तिथे जिप्सम लावूच नये. पण कोरड्या खोल्यांत सिमेंटच्या गिलाव्यालाही आक्रसण्याच्या तडा येतात, कारण तो वाळताना आकसतो. जिप्सम सेट होताना किंचित फुगतं, म्हणून त्या जाळीसारख्या बारीक तडा त्यात क्वचित दिसतात. वजनही जवळपास निम्मं. आणि आग लागलीच तर स्फटिकातलं ते २१ टक्के पाणी वाफ होऊन बाहेर पडेपर्यंत मागची भिंत फार तापत नाही. कोपऱ्यांना गॅल्व्हनाइज्ड किंवा पीव्हीसीचे बीड (कोपरा सांभाळणाऱ्या पट्ट्या) लावले की उडत नाहीत. साधं लोखंड मात्र लावू नका, सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे लोखंड गंजण्यापासून वाचतं तसं संरक्षण जिप्सम देत नाही, ओल्या प्लास्टरमधून तांबडे डाग वर येतात.

दगडीविचार:
आग आणि आक्रसण्याचा मुद्दा पटला. माझ्याकडे कोपरे उडाले होते ते बीडशिवायचेच होते, खरंय. पण जमिनीलगतचा भाग तरी सिमेंटमध्ये करा, हे मी सोडणार नाही.

करणीथापी:
सोडूच नका, मीही तेच करतो. खालचे १०-१५ सेंटिमीटर सिमेंटचा गिलावा, तो वाळल्यावर वर जिप्सम. फरशी धुताना पाणी वर चढत नाही.

फुलपाखरी_भिंत:
मध्येच विचारते, आमच्याकडे एकाने जिप्सममध्ये मूठभर सिमेंट टाकलं होतं "मजबुतीला". चालतं का?

रसायनवेडी:
अजिबात नको. सिमेंटमधलं अॅल्युमिनेट आणि जिप्सममधलं सल्फेट ओलीमध्ये एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचा स्फटिक तयार होतो, तो जागा जास्त घेतो आणि प्लास्टर आतून उचलतो. तो लगेच दिसेल असं नाही, पुढे कधी ओल आली की फुगवटे येतात. याच कारणासाठी ओल्या ताज्या सिमेंट गिलाव्यावर जिप्सम चढवू नये, आधी तो पूर्ण पिकून वाळलेला हवा.

चौकट_आणि_गुण्या:
बीमखालच्या तडेबद्दल कुणी बोललं नाही अजून. काँक्रीट आणि वीट वेगवेगळी हलतात, वरून प्लास्टर एकसंध, मग ते सांध्यावरच फाटणार. प्लास्टर करताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी ३०० मिमी रुंद फायबरग्लास जाळी हवी होती, आणि ती प्लास्टरच्या वरच्या भागात दाबून बसवायची, भिंतीला खिळ्यांनी ठोकून वर माल मारला तर ती तळाशी राहून काहीच काम करत नाही. तसंच वायरिंगच्या खाचांवर. त्या आधी मॉर्टरने भरून, घट्ट करून, वाळवून, मग जाळी. आता तड महिनाभर बघा, पेन्सिलने टोकांवर तारीख टाका. वाढली नाही तर तेवढी पट्टी कापून जाळीसकट परत भरा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड असती किंवा ती भिंतीच्या आरपार असती तर स्ट्रक्चर बघणाऱ्याला बोलवा म्हटलं असतं.

बाथरूमकडच्या भागाला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधा. ओल रेषेच्या वर फूटभरापर्यंत प्लास्टर काढा, भिंत उघडी ठेवा, फुलोरा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातात.

रंगरेषा:
रंगाच्या बाजूने दोन शब्द, कारण शेवटी नाव आमचं खराब होतं. चांगल्या हवेत जिप्सम साधारण दिवसाला एक मिमी वाळतं, म्हणजे १३ मिमीला दोन आठवडे, दमट हवेत जास्त. तुमच्या भिजवलेल्या भिंतींना अजून जास्त. गडद रंग जाऊन एकसारखा फिका पांढरा आला की वाळलंय असं दिसतं, पण मी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवतो, आतून दव जमलं तर थांबतो. वाळल्याआधी तेलरंग किंवा दाट प्रायमर लावला की आतली ओल कोंडते आणि पोपडे निघतात.

दुसरं असं की पॉलिश केल्यासारखी चकचकीत थापी मारलेली भिंत रंगाला धरत नाही, तिला हलका बारीक सॅंडपेपर मारून धूळ पुसायची. पहिला हात पाण्याचा रंग चांगला पातळ करून, भिंत पितेय तोपर्यंत.

उंबरठा:
उद्यापासून तिसऱ्या खोलीची तयारी करतोय. काकांशी बोललो, त्यांना हे सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले "आम्हाला कुणी सांगितलंच नाही, सिमेंटसारखंच करत होतो." आता माल कालवण्याची नीट पद्धत सांगा, तेवढं राहिलं.

करणीथापी:
काकांना नमस्कार सांगा, चाळीस वर्षांचा हात असा बदलायला तयार होणं सोपं नाही.

आधी बादलीत मोजलेलं पाणी, गोणीवर जेवढं लिहिलंय तेवढं, मग पावडर भुरभुरत पाण्यात. उलटं केलं की गुठळ्या राहतात आणि पाणी अंदाजापलीकडे जातं. मिनिट-दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग पॅडल लावलेल्या ड्रिलने कमी वेगात गुठळी जाईपर्यंत, फेस करायचा नाही. पाणी प्यायच्या दर्जाचं.

बादली दर वेळी धुवायची, यावर मी साइटवर ओरडतो. तळाशी चिकटलेलं जुनं सेट झालेलं जिप्सम म्हणजे विरजण, ते नव्या मालात गेलं की माल दुप्पट वेगाने आवळतो, मग गवंडी त्यात पाणी घालतो, आणि तिथेच तो माल मरतो. हाताने करायचा माल साधारण अर्ध्या तासात आवळायला लागतो, म्हणून २० मिनिटांत लावून होईल तेवढाच कालवायचा. ठिय्ये, म्हणजे जाडी ठरवणाऱ्या मालाच्या खुणा, आदल्या दिवशी त्याच मालाचे. ठिय्यापासून ठिय्यापर्यंत खालून वर भरायचं, अॅल्युमिनियमच्या पट्टीने ओढायचं, आवळायला लागलं की खड्डे भरून कडा काढायच्या, मग थोडं ओलसर करून स्पंज, आणि शेवटची थापी. एवढंच पाणी त्याला वरून.

एएसीला शोषण कमी करणारा प्रायमर, तो न मिळाल्यास आदल्या दिवशी आणि अर्धा तास आधी भिंत ओलसर करायची, पण पृष्ठभागावर पाणी चमकायला नको. सेट होईपर्यंत खिडक्या ओढून घ्या, पंखा बंद. दुसऱ्या दिवशी सगळं उघडा. गोणी फळीवर, भिंतीपासून दूर, तारीख तीन-चार महिन्यांच्या आतली बघा. गोणीत खडे असतील तर चाळून वापरू नका, तिने दमट हवेतलं पाणी आधीच घेतलंय.

फुलपाखरी_भिंत:
आणि स्वयंपाकघरात ओट्यामागे टाइल्स लावायच्या असतील तर? जिप्सम झालंय तिथे.

चौकट_आणि_गुण्या:
वजन मोजा. ब्रिटनमध्ये जिप्सम प्लास्टरवर टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून चौरस मीटरला २० किलोची मर्यादा धरतात, ८ मिमीची सिरॅमिक टाइल अॅडहेसिव्हसकट साधारण तिथे येऊन टेकते. त्याहून जड किंवा मोठी टाइल असेल तर तेवढ्या भागाचं जिप्सम काढून सिमेंटचा गिलावा करा. हलकी असेल तरी सिमेंटच्या अॅडहेसिव्हखाली प्रायमर हवाच, वर एट्रिंगाइटचं वाचलंत ना, तोच प्रकार.

उंबरठा:
तीन आठवड्यांनी लिहितोय. एएसीवरचा तुरटीचा तुकडा दुसऱ्या दिवशी हाताला वेगळा लागला, वाळल्यावर नाणं वरवर घासून गेलं फक्त, शेजारी मात्र तसंच पीठ. मग पूर्ण भिंतीला दोन दिवस फवारे मारले, आता नीट कडक आहे, फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात हातभर जागा सुटतच राहिली, ती शेवटच्या घमेल्यातली होती हे काकांनीच ओळखलं, "हिच्यात मी दोनदा पाणी घातलं होतं." ती काढून परत केली.

सीलिंगच्या पोकळ जागा कापल्या तर तुकडा हातात आला आणि त्याची मागची बाजू निळसर, जुन्या डिस्टेंपरचा रंग तसाच छापलेला. सगळंच सीलिंग उतरवलं मग, शांतपणे झोप लागावी म्हणून. आता बॉन्डिंग कोट मारून ८ मिमीत केलंय, स्लॅबचा बाक थोडा दिसतो, दिसू दे.

बीमची तड पेन्सिलच्या खुणेपुढे गेलेली नाही. बाथरूमकडे भिंत उघडल्यावर आतल्या पाइपच्या एल्बोला पाझर सापडला, तो बदलला, भिंत अजून गार लागते म्हणून ती पट्टी तशीच उघडी ठेवलीय. चौथ्या खोलीची बादली काका स्वतः धुतात.